पांढऱ्यावर पांढरं

नाशिकरोड,
रविवार, १० एप्रिल २००५

चि. पायलला छायामावशीचा जयभीम आणि आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. ‘दोघं’ हा शब्द नीट वाच, त्याच्यावर पुढे बोलायचंच आहे. ऊन आत्ताच सोसवेनासं झालंय. कॉलनीत जयंतीची तयारी जोरात चालू आहे. या वर्षी मंडप आपल्या दारासमोर आलाय आणि स्पीकरचं तोंड नेमकं आपल्या खिडकीकडे. काकांना त्याचं काही वाटत नाही. तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केल्यावर डावा कान त्यांच्या आधीच रिटायर झाला. मला सरकारी प्रेसमध्ये या आठवड्यात सकाळची पाळी आहे. लिंबाचं लोणचं घातलं. तुझी बरणी वेगळी काढलीय. रागातच काढली, पण काढली.

तू म्हणशील, एवढं पत्र कशाला, फोन करायचा. केला होता की. आधी तुझी असिस्टंट बोलते, मग गाणं वाजतं, मग तू येतेस ती घाईत. माझा आवाज जरा चढला की तू ‘मावशी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही. ते टेबलावर पडून राहील, आणि कितीही टाळलंस तरी तू ते उचलशील. तुला मी लहानाची मोठी केलीय, एवढं मला कळतं.

आधी चांगलं सांगते, म्हणजे मी नुसती भांडायलाच बसलेय असं तुला वाटायला नको.

तुझा शो सुंदर होता. मनापासून लिहितेय. मला वाटलं होतं, टीव्हीवर दाखवतात तसलं काहीतरी असेल, डोक्यावर पिसं आणि अंगावर चिंध्या. त्या मुंबईच्या हॉटेलात अंधार झाला, नुसता तंबोरा लागला, आणि एकेक मुलगी पांढरं नेसून चालत आली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कुठे जर नाही, टिकली नाही, मणी नाही. लांबून बघावं तर कोरं कापड. पण ती मुलगी वळली, दिवा तिच्या पदरावर तिरका पडला, आणि पिंपळाची पानं दिसली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची. शेजारची बाई पुढे वाकून बघायला लागली. मला तिला सांगावंसं वाटत होतं, बाई, ही पानं मी ओळखते, ही आमच्या घरची आहेत. कुटुर म्हणजे एकेक कपडा एकेका माणसासाठी हातानं शिवलेला, असं तू मला फोनवर समजावलं होतंस, आणि मी म्हटलं होतं, मग आमचे सगळ्यांचे ब्लाउज कुटुरच की. पण त्या दिवशी मला फरक कळला. तुझ्या हातात कला आहे. ती तुला तुझ्या आईकडून आली.

आणि शेवटी तू खाली येऊन माझा हात धरलास आणि मला त्या रॅम्पवर घेऊन गेलीस. सगळी माणसं उभी राहिली. इतक्या टाळ्या मी माझ्यासाठी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. खाली उतरले तर ती चंदेरी केसांची बाई, जिला सगळे ‘मॅम’ म्हणत होते, तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, “यू आर सो ब्रेव्ह.” मी थँक्यू म्हटलं. मला वाटलं, एवढ्या गुळगुळीत रॅम्पवर मी चपला घालून न घसरता चालले, त्याचं कौतुक करतेय. घरी येऊन काकांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, “मग, हायेसच तू शूर.” आम्ही दोघंही हसलो.

शो सुरू व्हायच्या आधी मागच्या खोलीत जे झालं, ते मी आत्ता लिहीत नाही.

पुढच्या रविवारी पेपरच्या पुरवणीत फोटो आला. मी आणि तू, हातात हात. कॉलनीत चार घरांतून चार पेपर आले, जणू आपल्याकडे पेपर येतच नाही. मी भाकरी टाकत होते, म्हणून काकाच मोठ्यानं वाचायला लागले. ‘मितभाषी सौंदर्य’ असा मथळा. मग तुझं शिक्षण, तुझं कापड, तुझी कात्री. मग त्यांचा आवाज जरा हळू झाला. “या कलेक्शनची प्रेरणा म्हणजे पायलची विधवा मावशी. नाशिकजवळच्या गावात वैधव्य आल्यावर त्यांनी रंग कायमचे सोडले. त्यांच्या एकुलत्या पांढऱ्या साडीवर त्यांनी दुःखाच्या दिवसांत पांढऱ्या दोऱ्यानं पानं भरली. त्यातलं एक पान उलटं आहे, ते मोडलेल्या संसाराचं प्रतीक.”

माझी भाकरी तव्यावर करपली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, “म्हंजी मी गेलो की काय? मग आज भाजी आणायला मी काय जाणार नाय.”

तेव्हा मीही हसले. पेपरवाल्यांना काय, एकाचं दुसऱ्याला चिकटवतात, असं वाटलं. तू उद्या फोन करशील, म्हणशील, मावशी, बघ ना गं काय छापलंय. मी वाट बघितली. तू फोन केलास, पण तो साडी मागायला.

त्याच्या आधी सुलाबाईचं ऐक, म्हणजे तुला कळेल तुझ्या मितभाषी सौंदर्यानं इकडे किती गलका केला. काकांची सायखेड्याची चुलतबहीण सुलाबाई, गुडघे गेलेत, एरवी लग्नालाही बोलावलं तर येत नाही. तिच्या नातवानं तिला पुरवणी वाचून दाखवली. बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, समाचाराला. दारातच बसली आणि पदर डोळ्याला लावून गळा काढला. “कवा गेला गं माझा सावळीराम? छाये, मला सांगावा बी धाडला नाय? मी काय मेले व्हते का?” शेजारणी बाहेर आल्या. मी तिला उठवतेय तोवर काका मोरीतून टॉवेल लावून बाहेर आले आणि म्हणाले, “आक्का, कोण गेलं? चहा टाकू का?”

सुलाबाईनं हातातली पिशवी त्यांच्या पाठीत घातली. पिशवीत वांगी होती. “मेल्या, जिता हाईस व्हय? मंग छापलं कुनी?”

आणि मग, पायल, मला सांगावं लागलं की आपल्या पायलनं सांगितलं असेल. सुलाबाई पिशवीतली वांगी एकेक करून जमिनीवर मांडत बसली. चहाची कपबशी तशीच. मग म्हणाली, “पर ती तर तुझ्या लग्नाची साडी. मी व्हते की तितं. मीच तुला नेसवली.”

हे तू विसरलीस का? की तुला कुणी कधी सांगितलंच नाही? मी नक्की सांगितलं असेल, पण आज रागात आहे म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय तुला ठेवायची नाही.

शहात्तर साली माझं लग्न ठरलं. आपल्यात नवरी पांढरं नेसते, नवराही पांढऱ्यात, समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्रिशरण पंचशील म्हणायचं, हार घालायचे, झालं. हळद नाही, अक्षता नाहीत. पण आमच्या सायखेड्यात तोवर अर्धंमुर्धं जुनंच चालायचं. कुणी हिरवा शालू, कुणी पिवळी साडी. तुझी आजी नवसाबाई म्हणाली, माझ्या पोरीचं लगीन पुरतं आपल्या रीतीनं होणार. आम्ही दोघी नाशिकला मेनरोडला साडी आणायला गेलो. दुकानदाराला आई म्हणाली, पांढरी साडी दाखवा. त्यानं गादीवरून उठून, मान खाली घालून विचारलं, “कोण गेलं, बाई?” आणि खालच्या कप्प्यातला गठ्ठा काढला. आई म्हणाली, “कुनी गेलं नाय. लगीन हाय. वरच्या फळीवरली दाखवा.” तो आमच्याकडे बघतच राहिला. साडी बांधून देताना त्यानं कुंकवाची पुडीसुद्धा दिली नाही, काय करावं त्याला कळलंच नसेल बिचाऱ्याला. मला तेव्हा लाज वाटली. आईला नाही वाटली.

साडी घरी आली आणि तुझी आई, शुभांगी, ती डोळे वटारून बघायला लागली. सतरा वर्षांची होती. म्हणाली, ताईच्या लग्नाला ही अशी नुसती? आई म्हणाली, रंग घालायचा नाय. शुभांगी म्हणाली, रंग नाय घालत. आणि दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या रिळानं पिंपळाची पानं भरायला बसली. पांढऱ्यावर पांढरं काढलं की आईला काही म्हणता येईना. हे तिचं असंच होतं, शब्द पाळायचा आणि आपलंच खरं करायचं. तुझ्यात आलंय ते.

आता ते उलटं पान. मोडलेल्या संसाराचं प्रतीक म्हणे. पायल, तुझी आई पदर भरत होती आणि मी समोर बसून तिला काकांची नक्कल करून दाखवत होते. बघायला आले तेव्हा ते पोह्याची बशी हातात धरून कसे बसले होते, आणि आईनं ‘आणखी घ्या’ म्हटल्यावर बशीच परत देऊन कसे मोकळे झाले, ती. शुभांगी इतकी हसली की कापड हातातून निसटलं. परत धरलं ते फिरलेलं. पान अख्खं भरून झाल्यावर दोघींच्या लक्षात आलं. मी म्हटलं, उसव. ती म्हणाली, अजिबात नाही, ह्या पानावर मी माझ्या मेहुण्याला हसलेय, हे असंच राहणार. तर ते उलटं पान हे आहे. दोन बहिणी खिदळल्या त्याची खूण आहे ती. तुझ्या मॉडेलनं ते पान खांद्यावर मिरवलं, मी तिथे बसून मनात हसत होते, आणि लोक माझ्याकडे दयेनं बघत होते.

तुझ्या आईचं नावसुद्धा नाही कुठे. तिच्या हातची पानं तू मला विधवा करून माझ्या नावावर घातलीस. ती गेली तेव्हा तू सहावीत होतीस, तुझ्या वडिलांनी मनमाडला दुसरा संसार मांडला, आणि तू आमच्याकडे आलीस. माय मरो आणि मावशी जगो, असं म्हणतात ना, तेव्हा समाचाराला आलेल्या सगळ्यांनी ते माझ्यासमोर म्हटलं, आणि मला म्हण म्हणून कधी आवडली नाही ती. कुणी का मरावं? पण तू तर पुढेच गेलीस. मावशी जगवलीस आणि तिचा नवरा मारलास.

लग्नाच्या दिवशी आम्ही आपल्या वस्तीतून शाळेच्या पटांगणापर्यंत चालत गेलो. रस्ता गावातूनच होता. ओट्यांवर बाया बसल्या होत्या. एकीनं दुसरीला, मला ऐकू जाईल असं विचारलं, “आगं, नवरी हाय का रांडाव?” सगळ्या हसल्या. काकांनी ऐकलं, तेव्हा दोन्ही कान शाबूत होते, पण ते नवरदेव, काय बोलणार. बोलली ती तुझी आजी. स्वतः तरणीताठी असताना नवरा गेलेली बाई ती, आणि माझ्या लग्नात सगळ्यांत पुढे चालत होती. थांबली आणि म्हणाली, “नवरी हाय. धुतल्या तांदळावानी माझी पोर हाय. बघा डोळं भरून, असं लगीन तुमी पायलं नसंल.” आणि माझा हात धरून मला पुढे घेऊन गेली.

म्हणून जास्त लागलं ना मला. एकोणतीस वर्षांपूर्वी ओट्यावरच्या बायांनी जे शिवी म्हणून म्हटलं, तेच तुझ्या हॉटेलात कौतुक म्हणून म्हटलं गेलं, आणि तुझ्या आजीच्या जागी तू उभी होतीस आणि तू मान डोलावलीस.

विधवा असणं वाईट असं माझं म्हणणं आहे असं समजू नकोस. माझी आई विधवा होती आणि तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही. उद्या काकांचं काही झालं, तर मी हीच साडी नेसेन, आणि तेव्हाही ती माझ्या लग्नाचीच असेल. मी दर जयंतीला ती नेसते, तुला माहीत आहे. लहानपणी तू तिच्या निऱ्या धरून द्यायचीस. मी रंग कधी सोडले? माझ्या कपाटात येऊन बघ. मागच्या दिवाळीला तूच मला तो भडक जांभळा ड्रेस शिवून दिलास आणि मी तो घालून प्रेसमध्ये गेले, तर आमच्या सेक्शनमध्ये काम थांबलं होतं.

तर तुझा फोन. मी विचारलं, हे तू सांगितलंस का त्यांना? तू म्हणालीस, मी नाही, ते आमच्या प्रसिद्धीवाल्या मुलीनं लिहिलं. मी म्हटलं, मग खोडून घे. त्यावर तू जे म्हणालीस ते मी पुन्हापुन्हा आठवलंय, त्यामुळे शब्द चुकत नाहीत.

“मावशी, विधवा म्हटलं की लोकांना पटकन कळतं. बौद्ध लग्न म्हटलं की दहा प्रश्न येतात.”

विचारू दे की दहा प्रश्न. तुला उत्तरं येतात. शाळेत जयंतीच्या भाषणात पहिला नंबर तुझा यायचा, काका पहिल्या रांगेत बसून तुझ्याबरोबर ओठ हलवायचे. मला खरंच समजून घ्यायचंय, पायल. पिंपळाचं पान चालतं, आमचं पांढरं चालतं, त्याचा तो साधेपणा, ती शांतता, सगळं चालतं, इतकं चालतं की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. फक्त ते कुणाचं आहे, एवढं चालत नाही. तुझ्या लेबलवर नुसतं ‘पायल’ आहे, मी समजत होते तशी फॅशन असेल. पगारे हे आडनाव का लिहीत नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते. की तोही ‘दहा प्रश्नांतला’ एक?

तुला भीती वाटली असेल. मला तेही कळतं. तिथे एकटीच आहेस, सगळे मोठमोठ्या घरचे, कुणी कुठल्या कॉलेजचं, कुणी कुणाची भाची. आपल्या माणसाला पाय रोवायला किती लागतं ते मला तू शिकवू नकोस. प्रेसमध्ये माझ्या हातचं पाणी नको म्हणणारी बाई होती, आणि मी तिच्या शेजारच्याच टेबलाला बसून वर्षानुवर्षं नोकरी केली. तू नुसती गप्प राहिली असतीस ना, मी समजले असते. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणाली असतीस तर मी दोन दिवस कुरकुरले असते आणि लोणचं पाठवलं असतं. पण गप्प राहणं वेगळं आणि माझ्या जिवंत नवऱ्यावर पांढरी चादर ओढणं वेगळं.

आता मागच्या खोलीतलं. लिहिते. टाळून टाळून पत्र संपत आलं.

शोच्या आधी आठ दिवस तू फोनवर म्हणालीस, काकांना नको आणूस, आवाज फार असतो, त्यांच्या कानाला त्रास होईल. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी सफारी इस्त्री करून आणला होता, तो परत कपाटात लावला. वर मलाच म्हणाले, बरोबर हाय पोरीचं, माझा कान आणखी बिघडला तर तुलाच ओरडावं लागंल. तंबोऱ्यानं कुणाचा कान बिघडतो, गं?

मी एकटी आले, हीच साडी नेसून. त्या खोलीत आरशासमोर बसवून तू माझा पदर सारखा केलास, केस बांधलेस, माझ्याकडे लांबून बघितलंस आणि म्हणालीस, मावशी, गळा मोकळा छान दिसेल, लाइन क्लीन येईल. आणि माझ्या मागे येऊन तू स्वतःच्या हातानं माझं मंगळसूत्र काढलंस. माझ्या पर्समध्ये ठेवलंस. मग माझी टिकली काढलीस आणि अंगठ्यानं कपाळ पुसलंस. मी आरशात बघत होते. मला वाटलं, माझी पोर मला नटवतेय. मी मान पुढे केली, तुला हूक नीट सापडावा म्हणून.

मंगळसूत्रावर माझी काही श्रद्धा वगैरे नाही. आपल्यातल्या कितीतरी बायका घालत नाहीत. काकांनी हौसेनं केलं म्हणून मी हौसेनं घालते. कुणी काढ म्हटलं असतं आणि का ते सांगितलं असतं, तर मी विचार करून काढलंही असतं. पण तुला तेव्हा माहीत होतं. पेपरात काय छापून येणार, ते त्या खोलीत तुला आधीच माहीत होतं. प्रसिद्धीवाल्या मुलीनं माझं कपाळ पुसलं नाही, पायल. तू पुसलंस.

हे मी काकांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण मागच्या आठवड्यात जेवताना ते एकदम म्हणाले, “छाया, पायलला मी तिथं नको होतो का गं?” मी म्हटलं, काहीतरीच काय. ते म्हणाले, “नाय, आपलं विचारलं. माझं इंग्लिश कच्चं हाय, कुटं काय बोलून बसलो असतो.” आणि उरलेला भात कालवायला लागले. ज्या माणसानं तुझं पहिलं शिलाई मशीन देवळालीहून सायकलच्या कॅरिअरला बांधून, स्वतः चालत आणलं, तुझ्या प्रवेशाच्या परीक्षेला जो कॉलेजच्या फाटकाबाहेर दिवसभर उभा राहिला, त्याला आज आपल्यातच काही उणं असेल असं वाटतंय. मला तुझा राग आला तो पेपर वाचून नाही आला. त्या भातापाशी आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता दिल्लीचं, ज्यासाठी तू साडी मागितलीस. देशभरातल्या पांढऱ्या वस्त्रांचं प्रदर्शन, त्यात माझी साडी काचेत, खाली पाटी, आणि पाटीवर तेच, नाशिकच्या विधवेची साडी. तुझा माणूस बुधवारी ती न्यायला येणार. गुरुवारी जयंती आहे. हे तुझ्या लक्षातही आलं नाही, याचं मला सगळ्यांत नवल वाटलं.

बुधवारी माणूस पाठवू नकोस. आला तर चहा पिऊन परत जाईल. गुरुवारी मी साडी नेसणार आहे, टिकली लावून, गळ्यात सगळं घालून, आणि काकांबरोबर मिरवणुकीत चालणार आहे. सुलाबाई येतेय नेसवायला, गुडघे दुखत असले तरी.

त्यानंतर मी ती हातानं धुऊन, सावलीत वाळवून, घडी घालून ठेवीन, आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाला साडी दिल्लीला येईल. काका घेऊन येतील. मी रिझर्व्हेशन काढलंय, दोघांचं. ते सफारी घालतील. त्यांना मी एवढंच सांगितलंय की पायलनं बोलावलंय, आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते तुला इथून दिसायला हवं होतं. तेव्हा हे खोटं मी बोललेय, आणि ते खरं करायचं की नाही ते तुझ्यावर आहे.

तिथे ती चंदेरी केसांची बाई असेल, पेपरवाले असतील, सगळे असतील. त्या सगळ्यांसमोर तू काकांच्या हातून साडी घ्यायची आणि सांगायचं की हे माझे काका, ही माझ्या मावशीची लग्नाची साडी, पानं माझ्या आईनं भरलीत, आणि आम्ही बौद्ध आहोत. इंग्रजीत सांग, मराठीत सांग, कसंही सांग. मग त्यांनी दहा प्रश्न विचारले तर मी शेजारी उभी आहे, पाच तू घे, पाच मी घेईन. पाटी तू तिथेच बदलशील हे मला सांगायला नको. आणि साडी मग परत मागणार नाही. ती तुझी. पुढे तुझं लग्न ठरेल तेव्हा तूच नेस ती.

आणि हे तुला जमणार नसेल, तर आम्हाला ओळखही दाखवू नकोस. मी काकांना म्हणेन, हॉल चुकला. ते काही विचारणार नाहीत. साडीची पिशवी छातीशी धरून माझ्यामागून चालत येतील, आणि गाडीत बसल्यावर तुलाच सांभाळून घेतील, म्हणतील, कामात असंल पोर.

लोणच्याची बरणी दोन्ही वेळी तुझ्यासाठी आणणार आहे. ती तुला द्यायची की परत आणायची, एवढंच बघायचंय.

तुझी मावशी,
आणि त्या साडीतली नवरी,
छाया सावळीराम शेजवळ